पुण्याला पाठवलेली अंडी

मागच्या वर्षी दिवाळीपर्यंत मी पुण्याच्या कॉलेजात शिकत होते. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या कोंढा गावात कुणालाही विचारलं असतं तर हेच उत्तर मिळालं असतं. प्रत्यक्षात मी भंडाऱ्याजवळ शहापूरला मामाच्या घरी, मधल्या खोलीत, लाकडी पलंगावर उताणी पडले होते. मला मणक्याचा टीबी झाला होता.

आता मी बरी आहे आणि खरोखरच पुण्यात आहे. हे लिहिते आहे ते अशा घरांसाठी, जिथे आजाराचं नाव घेताना दार लावून घेतात. गोळ्यांची माहिती मी सांगणार नाही, ती डॉक्टर सांगतात. बाकीचं कोणी सांगत नाही.

फ्लेक्स

प्रवेशाच्या यादीत माझं नाव लागलं आणि तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. फोटो चुलतभावाच्या लग्नातला, त्यामुळे माझ्या खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात. खाली शुभेच्छुकांचे फोटो, एकाला एक चिकटून. त्यातल्या निम्म्यांशी मी जन्मात बोलले नव्हते. बाबा दूध घालायला रोज दुसऱ्या रस्त्याने जायचे, ते त्या आठवड्यात चौकातून जायला लागले.

मला कीटकांचा अभ्यास करायचा होता. धानावर तुडतुडा पडला की आठ दिवसांत हिरवी बांधी, म्हणजे धानाचं शेत, करपून जाते, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. तो किडा आधी कुठे असतो नि अचानक कुठून येतो, हे मला कुणीच नीट सांगू शकलं नव्हतं. किडे शिकायला पुण्याला जायचं, याचं आळीतल्या बायकांना फार हसू यायचं.

पाठ तेव्हाच दुखत होती. मी ती परीक्षेच्या बैठकीवर ढकलली होती. आईने तेल चोळलं, गावच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या. दुखणं थोडं मागे सरायचं नि पुन्हा यायचं.

आमच्या आळीत रोवणीला, धानाची रोपं लावायला, बायका एकमेकींच्या बांधीत आळीपाळीने जातात. त्या दिवशी सुमनकाकूंची पाळी होती. काकू आमच्या भिंतीपलीकडे राहतात, एकट्या. काका मी तिसरीत असताना गेले. दम्याने गेले, असं सगळे म्हणायचे. काकू बोलतात कमी नि कोंबड्या पाळतात भरपूर. मी हौसेने चिखलात उतरले खरी, पण रोपांची जुडी उचलायला मला वाकता येईना. मी पाठ ताठ ठेवून सरळ खाली बसायचे, जुडी उचलायचे नि मांडीवर हात टेकून उठायचे. संध्याकाळी सगळ्या घामाने निथळत घरी निघाल्या आणि मी ओढणी गुंडाळून कुडकुडत होते. काकू बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, माझी रोवणी वाकडी झाली म्हणून बघत आहेत.

कागदावर काय लिहायचं

चार दिवसांनी अंगणाच्या पायरीवर माझा डावा पाय मुडपला. दुखला नाही, नुसता माझा राहिला नाही. मग भंडारा, तिथून फोटो काढायला नागपूर आणि पुन्हा भंडारा. तिथल्या डॉक्टर मॅडमनी फिल्म उजेडाला धरली आणि एका जागी बोट ठेवलं.

"हा मणक्याचा टीबी आहे. पूर्ण बरा होतो. गोळ्या वर्षभर. पहिले अडीच-तीन महिने अंथरुणातून उठायचं नाही."

"माझं कॉलेज अठरा दिवसांनी सुरू होतं," मी म्हणाले.

"कॉलेज पुढच्या वर्षीही तिथंच असेल. मणक्याचं तसं नसतं."

आईने विचारलं, दुसऱ्यांना लागते का. मॅडम म्हणाल्या, हा लागत नाही, घरात वेगळी ताट-वाटी करायची काही गरज नाही.  बाबा खुर्चीच्या टोकावर सरकले.

"मॅडम, कागदावर दुसरं काही लिहिता येते का? पाठदुखी, असं काही?"

मॅडमचं पेन थांबलं. "मग गोळ्याही पाठदुखीच्याच देऊ का?"

बाबा पुन्हा मागे टेकले. बाहेर आल्यावर आई रडली. मी रडले नाही, कारण मला आधी राग आला, मग भीती वाटली आणि या दोघांत रडायचं राहून गेलं. भीती पायाची होती. पाय गेला तर मी कुणाच्या तरी ओसरीवरची "बिचारी" होणार, आणि बिचारी व्हायची मला लहानपणापासून भारी चीड आहे.

परत येताना बाबांनी ठरवून टाकलं. "हिले शहापूरले ठेवू. भंडारा जवळ पडते." हे खरं होतं. मग थोड्या वेळाने म्हणाले, "अन् गावात सांगू का पुण्याले गेली. कॉलेज लवकर चालू झालं म्हणू." आई खिडकीबाहेर बघत राहिली.

म्हणून मी कोंढ्यातून वाजतगाजत गेले. गाडीत आडवं पडून जायचं होतं, पण आळी निरोप द्यायला आली होती. मी बसले, हसले, हात हलवला. सुमनकाकू खिडकीशी आल्या आणि माझ्या कपाळावर तळवा ठेवला. त्यांनी तो जरा जास्तच वेळ ठेवला. चौकातला माझा फोटो मागे पडला तशी मी आडवी झाले. तेवढं बसल्याचं दुखणं मला दोन दिवस पुरलं.

मधली खोली

पलंगावरचे पहिले पंधरा दिवस वाईट होते, ते गोड करून सांगत नाही. सकाळी उपाशीपोटी गोळ्या, मग मळमळ. लघवी केशरी झाली तेव्हा मी किंचाळले होते. गोळ्यांनी तसं होतं हे मला मॅडमनी सांगितलं होतं, मीच विसरले होते. कूस बदलायची तर दोन माणसं लागायची. आणि भांडं द्यायला मामी.

मी लाजेने पाणी पिणं कमी केलं. मामीच्या ते ध्यानात आलं. "लाजून कोणाले दाखवतं वो? लहानपणी सुट्टीत येत होती, तवा बी मीच धुत होती तुले. तवा तू लाथा मारे, आता निदान गुमान राहतं." आणि तांब्या तोंडाला लावला. मामीची जीभ तिखट आहे, पण त्या तीन महिन्यांत तिने एकदाही उसासा टाकला नाही. आजारी माणसाला उसासा फार लांबून ऐकू येतो.

खिडकीच्या गजावर एक कुंभारीण माशी घर बांधत होती. चिखलाची गोळी आणायची, थापायची, पुन्हा जायची. मी तिच्या फेऱ्या वहीत लिहायला लागले. उताणं पडून लिहिलेली अक्षरं आता मलाच लागत नाहीत, पण ती वही मी इथे आणली आहे.

डबा

दर रविवारी बाबा यायचे. पहिल्याच रविवारी त्यांच्या पिशवीत पत्र्याचा एक गोल डबा होता. त्यात तांदूळ, आणि तांदळात पुरलेली चौदा गावरान अंडी.

"सुमनवहिनीनं देल्ला," बाबा म्हणाले. "म्हणे, पुण्याले कोणी जात असन त पोरीले पाठवजा."

आम्ही हसत सुटलो. मला हसल्याने पाठीत कळ यायची, तरी हसले. मामी म्हणाली, "पुण्याले कोणी अंडे पाठवते का वो? तिथं कोंबड्या नाही का?" काकू बिचाऱ्या भंडाऱ्याच्या पुढे कधी गेल्या नाहीत, असं आम्ही ठरवून टाकलं. अंडी मात्र उकडून खाल्ली. मॅडमनी रोज दोन अंडी सांगितलीच होती, ती आठवडाभर नेमकी पुरली.

शेजारचा डबा आमच्याकडे रिकामा परत करत नाहीत. आता पुण्याला गेलेल्या डब्यात पुण्याचंच काहीतरी यायला हवं. बाबांनी जाताना भंडाऱ्यातून बाकरवडीचं पाकीट घेतलं, डब्यात टाकलं नि काकूंना दिलं, "पोरीनं पाठवलं" म्हणून. पुढच्या रविवारी पुन्हा तांदूळ, पुन्हा चौदा अंडी. पुन्हा बाकरवडी. आम्हाला हे फार हुशारीचं वाटत होतं.

घरगुती अडचण

कॉलेजात जागा एक वर्ष राखून ठेवता येते, असं नियमात होतं. मी तेव्हा अठराची व्हायची होते, म्हणून अर्जावर पालकांची सही लागत होती. बाबांनी आणि मामाने मिळून अर्ज पाठवला. कारण लिहिलं, "घरगुती अडचण".

उत्तर माझ्या फोनवर आलं. जागा फक्त आजारपणासाठी राखता येते. आजाराचं नाव, डॉक्टरांचा दाखला आणि पालकांची सही असलेला अर्ज दहा दिवसांत आला नाही, तर जागा दुसऱ्याला जाईल.

त्या रविवारी बाबा डबा ठेवतात न ठेवतात तोच मी विषय काढला.

"नाही लिहायचं," बाबा म्हणाले. "कागदावर एकदा चढलं का जलमभर राहते ते. जाऊ दे सीट. पुढच्या साली पुन्हा पेपर दे."

"मी कूस बदलू शकत नाही बाबा. अभ्यास कसा करू?"

"तुह्या लग्नाच्या टायमाले तो कागद कोणी काढला तं?"

"पुण्याच्या कपाटातला कागद काढायले कोण जाईन? अन् हा आजार पसरत नाही, मॅडमनं तुमच्यासमोर सांगतलं."

"आजार नाही पसरत. नाव पसरते."

यावर मी जे बोलले ते लिहायला आजही जड जातं. मी म्हणाले, "तुमाले पोरगी नाही पाहिजे. फ्लेक्स पाहिजे." बाबा उठले. मामीने चहा आणला होता तो तसाच राहिला. रिकामा डबा मात्र त्यांनी उचलला. रागातही तो डबा परत करायचं त्यांच्या लक्षात होतं.

तो आठवडा माझ्या सगळ्या आजारपणातला सगळ्यात वाईट. पायातल्या मुंग्या कमी होत होत्या, मॅडम खूश होत्या, आणि मला कशातच राम वाटेना. तरी मी अर्ज लिहून काढला. फोन तोंडावर धरून लिहिताना तो दोनदा नाकावर पडला. कारणाच्या जागी लिहिलं, "मणक्याचा क्षयरोग". दाखला मॅडमनी एका मिनिटात दिला, तो मामा घेऊन आला. नुसती सही राहिली होती.

बाबा रविवारऐवजी शनिवारीच आले. मुदतीचे दोन दिवस उरले होते. डबा खाली ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आण तो कागद."

मामाने अर्ज छापून आणलेला होता. बाबांनी तो उभ्यानेच वाचला.

"इथं टीबी लिही. क्षयरोग कोणाले समजते?"

मी माझ्या हाताने शेजारी टीबी लिहिलं. बाबांनी सही केली. त्यांची सही एरवी भरभर येते, त्या दिवशी त्यांनी अक्षर न् अक्षर काढलं.

"काय झालं बाबा?" मी विचारलं.

"काही नाही." मग मामीकडे वळून, "अंडे उकडाले ठेव. पोरगी भुकेली असन."

चार दिवसांनी कॉलेजचं उत्तर आलं. जागा राखली होती. मी उताणीच होते, पण त्या दिवसापासून मी पडून राहिलेली नव्हते, मी सुट्टीवर होते. हा फरक आजारी नसलेल्याला कळणार नाही.

पट्टा

दिवाळीच्या आधी मॅडमनी दवाखान्यात मला उभं केलं. कमरेपासून छातीपर्यंत पट्टा, आणि भिंतीला धरून सात पावलं. मामी दारात उभी होती. "चालाले लागली वो बाई, आता भांडे घासाले लाव," म्हणाली नि पदराने डोळे पुसले.

मी दिवाळीला कोंढ्याला गेले. बाबा म्हणाले, पट्ट्यावरून सैल कुर्ता घाल. मी कुर्त्यावरून पट्टा घातला. वाटेत फ्लेक्स अजून होता. उन्हाने माझा चेहरा खाल्ला होता, शुभेच्छुक शाबूत होते.

आळीतल्या बायका जमल्या. एक म्हणाली, "पुण्याचं पाणी नाही मानवलं का वो तुले?"

"पुण्याले गेलीच नाही मी. मणक्याचा टीबी झाला होता. गोळ्या चालू आहे. कोणाले लागत नाही. पुढच्या साली जाईन, सीट ठेवली आहे माही."

एका दमात बोलले.  एकीने कडेवरचं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. दोन घरांनी पुढे महिनाभर बोलणं टाळलं. याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याच आठवड्यात एक बाई मागच्या दाराने आली, नवऱ्याच्या खोकल्याचं सांगितलं आणि त्या मॅडम कुठे बसतात ते विचारून गेली.

मग मी सुमनकाकूंकडे गेले. त्यांच्याशी आम्ही सगळ्यांत जास्त खोटं बोललो होतो. मी तोंडपाठ करून आलेलं सुरू केलं, "काकू, मी पुण्याले नव्हती..."

"मले मालूम होतं," काकू म्हणाल्या आणि पाट सरकवला. "पाट नोको, तुले वाकता नाही येत. खाटेवर बस."

मी बसले.

"रोवणीच्या दिवशीच वाटलं मले. जुडी उचलाले तू खाली बसे. सगळ्याइले गरम होऊन राहिलं होतं अन् तुले थंडी. मंग गाडीत कपाळ पाहिलं, तापलं होतं. तुह्या काकाले असाच संध्याकाळी ताप ये." त्या जरा हसल्या. "अन् तुह्या बापानं मले पुण्याची म्हणून भंडाऱ्याची बाकरवडी देल्ली. पाकिटावर दुकानाचं नाव, गावाचं नाव. मले वाचता येते म्हटलं."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"काकाले दमा नव्हता," काकू म्हणाल्या. "टीबी होता. इथं कोणी पाहीन म्हणून गोळ्या आणाले नागपूरले जात. रोवणी आली, जाणं नाही झालं, गोळ्या सुटल्या. पुन्हा चालू केल्या, पुन्हा सुटल्या. मी बी कोणाले बोलली नाही. तुहा बाप तुह्याशी भांडून डबा द्याले आला, तोंड उतरून होतं. मी त्याले बसवलं अन् बाकरवडीचं पाकीट समोर ठेवलं. तवा त्यानं सगळं सांगतलं, सहीचं बी. मी म्हटलं, भाऊजी, आमचं नाव राहिलं. माणूस नाही राहिला."

बाबांनी सही का केली ते मला तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत काकू हे कुणाशीच बोलल्या नव्हत्या. पहिल्यांदा बोलल्या त्या माझ्या सीटसाठी.

"अन् चौदाच अंडी कायले काकू?"

"डाक्टरनं काकाले रोजचे दोन सांगतले होते. तवा आपल्या घरी कोंबड्या नव्हत्या."

निदानाच्या दिवशी राहून गेलेलं रडणं मी तिथे रडले. पट्ट्यामुळे धड हुंदकाही देता येत नव्हता. काकू माझ्या केसांवरून हात फिरवत राहिल्या आणि अंगणात त्यांच्या कोंबड्या कुरकुरत होत्या.

जाताना

वर्ष पूर्ण झालं. नवा फोटो काढला, मॅडमनी तो उजेडाला धरला आणि गोळ्या बंद केल्या. ज्यांना हे वर्ष वाया गेलं असं वाटतं, त्यांना मी एवढंच सांगते: माझं वर्ष कॉलेजच्या कागदावर लिहिलेलं आहे, कारणासकट, म्हणून ते माझं आहे. नाव लिहा. लिहिलं की निदान त्यावर सही तरी मागता येते.

निघायच्या दिवशी बाबा मला सोडायला फाट्यावर आले. कुणी विचारलं की न अडखळता सांगत होते, "पोरीले टीबी झाला होता. बरी झाली. आता पुण्याले चालली." तिन्ही वाक्यं एका सुरात. पोरं नवा फ्लेक्स लावायचं म्हणत होती, बाबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

बस यायच्या आधी सुमनकाकू धावत आल्या. हातात तोच पत्र्याचा डबा. मी सवयीने झाकण उघडलं आणि तांदळात बोटं घालायला गेले, तर आत तांदूळ नव्हताच. जवसाची चटणी होती नि वाळवलेल्या वड्या, काठोकाठ.

"अंडे नाही टाकले," काकू म्हणाल्या. "ह्या वेळी तू खरंच पुण्याले चालली ना."